हाल्वोर रस्ता ओलांडतो

टीव्ही काही केल्या दारातून आत येईना. आर्ने मामाने ग्लेंडेलच्या आपल्या दुकानातला सगळ्यात मोठा सेट उचलून आणला होता, आणि कॉलींच्या घराचं दार बिचारं माणसांच्या मापाचं होतं. सेट आडवा धरून झाला, तिरका धरून झाला, आर्ने मामाचं बोट चेंगरून झालं, आणि बेरिल मामीचं बाहेर उभं राहून "डावीकडे घ्या, डावीकडे" करून झालं. शेवटी एमेट कॉली खुर्चीतून उठला. त्याने कॉफीचा कप कठड्यावर ठेवला, बिजागऱ्यांतल्या पिना ठोकून काढल्या, अख्खं दारच उचलून अंगणातल्या लिंबाला टेकवलं आणि म्हणाला, "हं, आता आणा."

टीव्ही आत आला.

"एका टेकमध्ये!" लोर्नाने टाळी वाजवली.

"दुसऱ्या टेकला आपल्याकडे फिल्मच नसते," तिचा बाप एमेट म्हणाला. हे वाक्य तो गेली तीस वर्षं म्हणत होता आणि त्याच्याच जोरावर व्हॅन नाइसमधलं हे घर उभं राहिलं होतं. दिग्दर्शक म्हणून पन्नासाच्या वर काउबॉय पिक्चर त्याने केली, एकेक सहा दिवसांत. हल्ली टीव्हीसाठी अर्ध्या तासाच्या गोष्टी करायचा, त्या तीन दिवसांत. धंद्यात त्याला 'एकटेक कॉली' म्हणत. शॉट संपला रे संपला की तो डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा, म्हणजे त्यापुढची वीतभर फिल्मसुद्धा कामाची राहायची नाही आणि फिल्म कापणाऱ्याच्या हातात चाळे करायला काही उरायचं नाही.

आज बेस्टाचा, म्हणजे त्याच्या सासूचा, ऐंशीवा वाढदिवस होता. पोटची दोन मुलं सोडली तर घरात सगळे तिला बेस्टा, म्हणजे आजी, म्हणत, एमेट तेवढा चेष्टेने सासूबाई म्हणायचा. आपल्याच वाढदिवसाला ही बाई सकाळपासून ओट्याशी उभी राहून लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होती आणि "पुरे की आता" म्हणायला येणाऱ्या प्रत्येकाला बटाटे सोलायला बसवत होती. तिला काय द्यायचं यावर महिनाभर घरात खल चालला होता. एमेटची बायको सोल्वेग, तिचं म्हणणं, आईला शाल द्यावी. तिची भावजय बेरिल मिक्सरवर अडून बसली होती. मग पेपरात टीव्हीचे कार्यक्रम छापून आले आणि वादच मिटला. शनिवारी दुपारी चार वाजता, 'तीन विहिरींचा शेरीफ'.

लोकांच्या घरी फोटोंचे अल्बम असतात, या घरात काउबॉय पिक्चर होती. गर्दीच्या सीनला माणसं लावायची तर कंपनी कुरकुरायची, म्हणून एमेट सरळ सासुरवाडच उचलून न्यायचा आणि तळलेल्या चिकनवर सगळ्यांची बोळवण करायचा. त्यामुळे पिक्चरची खरी नावं घरात कोणाच्या लक्षात नसत. सोल्वेगला सातवा महिना होता म्हणून तिला पिंपामागे उभी केली होती ते एक पिक्चर. बँकेवर दरोडा पडताना तान्ही लोर्ना खरोखरच भोकाड पसरून रडली ते दुसरं. आणि 'तीन विहिरींचा शेरीफ' म्हणजे हाल्वोरचं पिक्चर.

हाल्वोर त्वेट हा बेस्टाचा नवरा. मिनेसोटात गहू पिकवणारा, मोजकं बोलणारा आणि टोपी न काढणारा. बँकेच्या मॅनेजरसमोर त्याने टोपी काढली नाही, गव्हर्नर गावात आला तेव्हा काढली नाही, चर्चमध्ये पाद्रीबुवांनी हटकलं तेव्हा दोन वर्षं पायरीवर उभा राहून त्याने प्रार्थना केली. लग्नाच्या फोटोतही टोपी आहे. असा हा माणूस सोळा वर्षांपूर्वी लेकीकडे हिवाळ्यापुरता आला, जावयाने त्याच्या हातात बादली दिली आणि सांगितलं, रस्ता ओलांडायचा, इकडेतिकडे बघायचं नाही. हाल्वोर रस्त्याच्या मधोमध थांबला, थेट कॅमेऱ्याकडे बघून त्याने टोपी काढली, हसला, टोपी परत घातली आणि निघून गेला.

एवढ्या वर्षांत या गोष्टीवरून घर किती हसलं असेल! "बापाने गव्हर्नरला भीक घातली नाही आणि कॅमेऱ्याला सलाम केला," हे आर्ने मामाचं ठरलेलं वाक्य. पिक्चर लागलं तेव्हा हाल्वोर अंथरुणाला खिळलेला होता, त्याच हिवाळ्यात तो गेला. बेस्टाला तेव्हा थिएटरची पायरी चढवेना. पुढे कंपनीच बंद पडली आणि पिक्चरचे डबे कुठल्या कुठे गेले. थोडक्यात, ज्या पिक्चरमध्ये तिचा नवरा चालतो, हसतो, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

हे सगळं लोर्नाला ठाऊक होतं. तिने बापाला लिंबाखाली गाठलं.

"डॅडी, एक घोळ झालाय."

"आर्नेचा टीव्ही बिघडला?"

"पिक्चरचा घोळ." लोर्ना हे पिक्चर दाखवणाऱ्या चॅनेलच्या फिल्म-खोलीत कामाला होती. "तासाभरात पिक्चर बसवायचं आणि वर साबणवाले, मोटारवाले मध्ये घुसवायचे, म्हणजे कापावं लागतं. मी रजेवर होते तेव्हा ड्रिस्कलने कापलं."

"माणूस कसा आहे?"

"माणूस चांगला आहे, कात्री वाईट आहे. ज्यात कोणी मरत नाही आणि कोणी घोडा पळवत नाही, ते सगळं तो उडवतो. आजोबा मरतही नाहीत, पळवतही नाहीत. बादली घेऊन चालतात नुसते."

"कापलेल्या तुकड्यांच्या टोपलीत बघितलंस?"

"पिक्चरचे डबे आधीच दाखवणाऱ्यांकडे कुलपात गेलेत आणि टोपली झाडून नेली होती. तळाला एक तुकडा मिळाला." तिने खिशातून फिल्मची गुंडाळी काढली. एमेटने ती उन्हात धरली आणि त्याचे खांदे हसून हलायला लागले.

"बेरिल कापली गेली?"

"चर्चसकट गेली. हसतोस काय? बेस्टाने आज केस धुतलेत, डॅडी. निळा झगा काढून ठेवलाय, आजोबांना आवडायचा तो. टीव्हीसमोर बसणार आणि ते आलेच नाहीत तर? मी तिला आत्ताच सांगून टाकते."

"काही सांगू नकोस."

"अरे पण..."

"आजोबांना कापता येणार नाही," एमेट म्हणाला. त्याने एक लिंबू तोडलं, हुंगलं आणि तो आत गेला. बापाचा हा थंडपणा लोर्नाला लहानपणापासून डोक्यात जायचा.

चारला सगळे जागेवर बसले. बेस्टा निळा झगा घालून मधल्या खुर्चीत, मांडीवर लेफ्साची ताटली. आर्ने मामा टीव्हीच्या डोक्यावरचे अँटेनाचे दोन दांडे धरून उभा, कारण सोडले की चित्रात बर्फ पडायचा. नावं सरकली, दिग्दर्शक म्हणून एमेट कॉली आलं तसे सगळे ओरडले, आणि एमेटने बसल्या बसल्या टोपीला बोट लावलं.

"आता चर्च येईल बघा," बेरिल मामी सरसावून बसली. "पहिल्या बाकावर मी. हॅटला पांढरं पीस."

घंटा वाजली, चर्चचं दार दिसलं, दार उघडलं आणि पलीकडून घोडेस्वार धुरळा उडवत आले.

"हे काय?" मामी म्हणाली. "मी कुठंय?"

"घोड्याखाली आलीस वाटतं," आर्ने मामा म्हणाला.

"चूप बसा हो! एमेट, माझं चर्च कुठंय? अख्खी प्रार्थना होती!"

एमेटने लोर्नाकडे बघितलं. मग लोर्नाला सांगावंच लागलं, की टीव्हीवर जुनी पिक्चर पुरी दाखवत नाहीत, बरंच काही कापलेलं असतं. ती बोलली बेरिल मामीकडे बघून, पण ऐकलं बेस्टाने. बेस्टाने हातातली लेफ्सा ताटलीत परत ठेवली.

"हाल्वोरला पण?" तिने विचारलं.

"माहीत नाही, बेस्टा. खरंच माहीत नाही."

तेवढ्यात जाहिरात लागली. चौकटीचा कोट घातलेला एक माणूस जुन्या मोटारींच्या टपावर थापा मारत ओरडायला लागला. मोटारी स्वस्त होत्या आणि आवाज फुकट होता. बेस्टा त्याच्याकडे बघत राहिली, जणू हाल्वोर कुठे आहे ते याला ठाऊक असावं.

"मग बाबा गेलेच समज," आर्ने मामा म्हणाला. मनाने तो वाईट नव्हता. अवघड वेळी गप्प बसणं तेवढं त्याला जमायचं नाही. "बेरिलसारखी चांगली बसलेली बाई कापली, तर कॅमेऱ्याला सलाम ठोकणारा म्हातारा कोण ठेवील? एमेट, रागावू नकोस, पण घाईघाईची कामं अशीच व्हायची. पन्नास पिक्चर केलीस. त्यापेक्षा एक मोठं करायचं होतंस. रंगीत, सावकाश, चार टेक घेऊन. मोठ्या पिक्चरला कोणी अशी कात्री लावत नाही."

"खरंय," एमेट म्हणाला आणि कॉफी प्यायला.

"खरंय काय!" सोल्वेग इतक्या जोरात म्हणाली की तिच्या भावाच्या हातातून दांडे सुटले आणि मोटारवाला बर्फात बुडाला. "मोठं पिक्चर दारात आलं होतं याच्या!"

"सोल्वेग, राहू दे," एमेट म्हणाला.

"सोळा वर्षं राहू दिलं. आता नाही राहू देणार. हेच पिक्चर बघायला मोठ्या स्टुडिओचा माणूस आला होता. सगळं आवडलं त्याला. म्हणाला, तो म्हातारा मात्र कॅमेऱ्यात बघतोय, तेवढा शॉट कसलेला नट घेऊन परत कर आणि सोमवारी माझ्या ऑफिसात ये, पुढचं मोठं पिक्चर तुझं. आणि हा काय म्हणाला? म्हणे, दुसऱ्या टेकला फिल्म नाही."

"नव्हती," एमेट म्हणाला.

"डबे भरभरून पडली होती! मी स्क्रिप्टवाली होते त्या पिक्चरची, एमेट कॉली. फिल्म किती उरली ते मी लिहायचे, तू नाही."

लोर्ना बापाकडे बघत राहिली. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझे वडील मोठी पिक्चर का नाही करत? आणि ती सांगायची, त्यांना झटपट करायला आवडतं. आज तिला त्या उत्तराची लाज वाटली आणि बापाचा भलता अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

"का रे?" आर्ने मामाने विचारलं. आवाजातली फुशारकी पार गेली होती. "बाबांच्या एका चुकीसाठी?"

"आर्ने, दांडे धर," एमेट म्हणाला. "येतंय."

आर्ने मामाने झटकन दांडे धरले.

गावचा रस्ता. या टोकाला शेरीफ, पाठमोरा. पलीकडे काळ्या बंडीतला दुष्ट, दोन्ही हात वर, रिकामे. तो म्हणतो, मी बिनहत्यारी आलोय. लोर्नाच्या सरावलेल्या डोळ्यांना चित्राने किंचित उडी मारलेली दिसली. ड्रिस्कलची कात्री इथपर्यंत आली होती. तिने बेस्टाचा हात धरला.

आणि उजवीकडून बादली आली. बादलीमागून हाल्वोर आला.

तो दोघांच्या मधून चालला, शेतातून चालावं तसा, ढेकळं चुकवत. तो दुष्टासमोरून जाताना त्याच्या कोपराखालून, तेवढ्याच फटीतून, दुष्टाचा हात खाली येऊन बंडीत शिरताना दिसला. हाल्वोर मधोमध थांबला. त्याने बादली खाली ठेवली आणि थेट खोलीत बघितलं. टोपी काढली. कपाळाचा वरचा अर्धा भाग पांढराफटक होता, त्याला जन्मात ऊन लागलं नव्हतं. तो हसला. मग टोपी घालून, बादली उचलून तो डावीकडे गेला. तो बाजूला होतो न होतो तोच दुष्टाच्या हातातलं पिस्तूल दिसलं, शेरीफची गोळी सुटली आणि दुष्ट आडवा झाला.

लोर्ना ओरडलीच. "कापता येत नाही! हे काढलं तर शेरीफ बिनहत्यारी माणसाला मारतो! सगळं आजोबांच्या कोपराखाली आहे! डॅडी, बदमाशा!"

"दुसरीकडून शॉटच घेतला नव्हता," एमेट म्हणाला. "सासरा आहे माझा. कडेला उभा करतो की काय?"

"आणि मला बरं कडेला केलंस?" बेरिल मामी डोळे पुसत म्हणाली.

"तूच म्हणालीस, पहिल्या बाकावर बसव, हॅट दिसेल."

पडद्यावर परत तो चौकटीचा कोट उगवला आणि मोटारीवर थाप मारायला लागला. एमेट उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि काचेसमोर धरली. मोटारवाला टोपीमागे गेला. आर्ने मामाने न सांगता आवाज बंद केला. एवढ्या वर्षांत दोघांनी एकाच कामाला हात लावण्याची ही दुसरी वेळ. पहिली दाराची, दुपारची.

बेस्टा रडत नव्हती. गाल लाल झाले होते आणि ती हसत होती, एखाद्या मुलीने लपवलेली वस्तू शेवटी दाखवावी तसं.

"कॅमेऱ्याला नाही काढली टोपी," ती म्हणाली.

"म्हणजे?" आर्ने मामाने विचारलं.

"मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होते. कॉफीचा थर्मास घेऊन." तिने ताटलीतली लेफ्सा उचलून अर्धी केली. "आठवडाभर आमचं भांडण चाललं होतं. मी म्हणत होते, इथंच राहू या, सोल्वेगजवळ, उन्हात. शेत विकून टाका. हा म्हणत होता, आपल्या बर्फात जाऊ. तुम्हाला ठाऊक आहेच, एकदा नाही म्हणाला की नाही. त्या दिवशी सकाळी मी शेवटचं विचारलं. काही न बोलता बादली घेऊन गेला. आणि मग तिथं, त्या घोडागाड्यांमध्ये, सगळ्या गावासमोर..." तिने डोक्यावरून टोपी काढल्यासारखा हात केला. "तेच उत्तर होतं. मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी त्याने ते लिंबाचं झाड आणलं."

सगळ्यांनी दार नसलेल्या दारातून बाहेर बघितलं. लिंबाला टेकवलेलं दार तसंच होतं.

"आई, सोळा वर्षं आम्ही हसतोय!" आर्ने मामा म्हणाला. "सांगायचं नाही का?"

"कोणी विचारलं? तुम्ही इतके खूश होऊन हसायचात, मला बरं वाटायचं. हाल्वोरच्या नावाने कोणी हसतंय तरी." मग ती जावयाकडे वळली. "तुला ठाऊक होतं. तू माझ्या शेजारीच होतास."

एमेटने टोपी अजून काचेसमोरच धरली होती. "मी तुमच्याकडे बघत होतो, सासूबाई," तो म्हणाला. "शॉटकडे माझं लक्षच नव्हतं. तुमचा चेहरा बघितल्यावर मला कुठला दुसरा टेक घेववणार होता?"

बेस्टाने हातातली अर्धी लेफ्सा त्याच्यापुढे धरली. त्याचे हात गुंतले होते, म्हणून तिने ती त्याच्या तोंडातच भरली. सोल्वेग हसता हसता रडायला लागली, आर्ने मामाने दांडे सोडून बहिणीला जवळ घेतलं, आणि बेरिल मामी लोर्नाने काढून दिलेली फिल्मची गुंडाळी उन्हात धरून "पीस दिसतंय हो, पीस दिसतंय!" असं ओरडत घरभर फिरली.

"आता पुन्हा लाव," बेस्टा म्हणाली.

"आई, टीव्ही आहे हा," आर्ने मामा म्हणाला. "गेलं ते गेलं."

"नाही गेलं," लोर्ना म्हणाली. "बेस्टा, सोमवारी माझ्याबरोबर कामावर ये. डबे अजून आमच्याकडेच आहेत. आमच्या यंत्राला एवढीशी काच असते आणि फिल्म हवी तशी पुढे जाते, मागे येते. तू म्हणशील तितक्या वेळा आजोबा टोपी काढतील, घालतील, परत काढतील."

"ड्रिस्कल काही म्हणणार नाही?" एमेटने विचारलं.

"बेस्टा, त्या कात्रीवाल्याला लेफ्सा ने," लोर्ना म्हणाली.

बेस्टा विचारात पडली. काचेवर आता एमेटच्या टोपीच्या कडेने, पडत्या बर्फातून, शेरीफ घोड्यावर बसून निघाला होता, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"थांबवता येतं का गं ते यंत्र?"

"येतं की. कुठेही."

"मग काढली की थांबव," बेस्टा म्हणाली. "परत घालू देऊ नकोस."